सेसिलची शिकार: शिकारमार्गदर्शकाच्या पेशात उतरू पाहणाऱ्यासाठी एक प्रकरण अभ्यास

१ जुलै २०१५ च्या रात्री झिंबाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेबाहेरील एका खासगी जमिनीवर सेसिल नावाचा, सुमारे १३ वर्षे वयाचा, काळ्या आयाळीचा सिंह बाणाने जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी मारला गेला. पुढे जगभर जो संताप उसळला त्याचा रोख बाण सोडणाऱ्या अमेरिकी दंतवैद्यावर होता. मिनेसोटातील त्याच्या दवाखान्यासमोर लोक फलक घेऊन उभे राहिले आणि काही काळ त्याला दवाखाना बंद ठेवावा लागला. न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहावे लागले ते मात्र त्याला शिकारीस नेणाऱ्या स्थानिक मार्गदर्शकाला. ज्या देशात हा पेशा सर्वांत कठोर परीक्षा घेऊन दिला जातो, तेथील परवानाधारक आणि अनुभवी माणसावर ही वेळ आली. म्हणून या पेशात पाऊल टाकू इच्छिणाऱ्याने सिंहाच्या किंवा दंतवैद्याच्या बाजूने लिहिलेले मजकूर वाचण्यापेक्षा हे प्रकरण मार्गदर्शकाच्या बाजूने वाचणे अधिक उपयोगाचे आहे, असे मला वाटते. शिकार नैतिक की अनैतिक हा वाद येथे जाणूनबुजून बाजूला ठेवला आहे.

प्रथम हा पेशा नेमका काय आहे ते पाहू. व्यावसायिक शिकारमार्गदर्शक स्वतः शिकार करत नाही, किमान तसे अपेक्षित नसते. पैसे भरून आलेल्या पाहुण्याला तो योग्य जनावरापर्यंत नेतो, जनावराचे लिंग आणि अंदाजे वय ओळखतो, मारायचे की सोडायचे ते सांगतो आणि पाहुण्याचा नेम चुकून जनावर जखमी झाले तर त्याचा माग काढून त्याला संपवण्याची जबाबदारी घेतो. जखमी म्हैस किंवा सिंह दाट झुडपात शिरला की पाहुण्याला मागे ठेवून माग काढणाऱ्या सहकाऱ्यांसह आत जाणे हे त्याचेच काम असते आणि या पेशातील बरेचसे मृत्यू याच टप्प्यावर होतात. आपल्याकडेही हा व्यवसाय एकेकाळी होता. स्वातंत्र्यानंतरच्या सुमारे दोन दशकांत परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातील जंगलांत वाघाच्या शिकारीसाठी नेणाऱ्या कंपन्या होत्या आणि त्यांच्यापैकी काहींचा कारभार नागपुरातून चाले. वनखात्याकडून शिकारीचा ब्लॉक, म्हणजे जंगलाचा आखून दिलेला भाग, ठराविक दिवसांसाठी घ्यायचा, रेडा बांधायचा, मचाण उभारायचे, गावातली माणसे लावून हाका घालायचा, अशी ती रीत होती. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला आणि तो पेशा भारतात संपला. आज ज्याला तो कायदेशीरपणे करायचा असेल त्याला प्रामुख्याने आफ्रिकेकडे पाहावे लागते.

आफ्रिकेतही देशागणिक प्रवेशाची वाट वेगळी आहे. दक्षिण आफ्रिकेत मान्यताप्राप्त शाळेतील साधारण दहा दिवसांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर प्रांताची परीक्षा एवढ्यावर परवाना मिळू शकतो. झिंबाब्वेत हीच वाट काही वर्षांची आहे. १९७५ च्या उद्यान व वन्यजीव कायद्याखाली उमेदवाराला आधी शिकाऊ परवान्यासाठी लेखी परीक्षा द्यावी लागते. तिच्यात वन्यजीवविषयक कायदा, प्राण्यांच्या सवयी व अधिवास, शस्त्रे आणि गोळीचे शास्त्र, आणि सफारीचे सर्वसाधारण ज्ञान असे विषय असतात. शिवाय नेमबाजीची चाचणी आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते. त्यानंतर किमान दोन वर्षे, प्रत्यक्षात बहुतेकांच्या बाबतीत त्याहून अधिक, एखाद्या पूर्ण परवानाधारकाच्या हाताखाली उमेदवारी करायची असते. या काळात धोकादायक जनावरांच्या शिकारीत सहभाग घेऊन त्याची नोंद ठेवावी लागते. शेवटी जंगलात सुमारे आठवडाभर चालणारी प्रावीण्य परीक्षा होते. तेथे परीक्षक पाहुण्यांच्या भूमिकेत असतात. उमेदवाराने छावणी उभारायची, गाडी दुरुस्त ठेवायची, जेवणाची व्यवस्था पाहायची, माग काढायचा आणि हत्तीसमोर आपले डोके ठिकाणावर आहे हे दाखवून द्यायचे. पायी जंगलात नेणाऱ्या, कॅमेरेवाल्या पाहुण्यांच्या मार्गदर्शकालाही जवळपास हीच शिडी चढावी लागते.

या शिक्षणाचा भर कोठे आहे ते शस्त्रांच्या नियमांवरूनही कळते. हत्ती, पाणघोडा आणि म्हैस यांच्यासाठी रायफलीच्या नळीचा व्यास किमान ९.२ मिलिमीटर आणि गोळीची ऊर्जा किमान ५.३ किलोज्यूल असावी लागते. सिंहासाठी ७ मिलिमीटर आणि ४.३ किलोज्यूल पुरतात. हे आकडे शिकाऊ उमेदवाराला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. जीव वाचवणे हे या सगळ्या शिक्षणाचे केंद्र आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. सेसिलच्या मृत्यूच्या काही महिने आधी, एप्रिल २०१५ मध्ये, झांबेझी खोऱ्यात एका अत्यंत अनुभवी मार्गदर्शकाला मदावर आलेल्या हत्तीने ठार केले. ऑगस्ट २०१५ मध्ये ह्वांगेतच पायी सफारीला पाहुण्यांना नेणाऱ्या एका मार्गदर्शकाचा सिंहाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्याच्या बरोबरचे पाहुणे सुखरूप राहिले. परीक्षकांनी हत्तीच्या चालून येण्यावर एवढा जोर द्यावा हे या घटनांकडे पाहता समजते.

सेसिलच्या प्रकरणात मात्र कोणताही सिंह कोणावर चालून आला नाही. जे बिघडले ते कागदावर आणि सीमारेषेवर बिघडले.

ती सीमारेषा समजल्याशिवाय प्रकरण समजत नाही. ह्वांगेचे क्षेत्रफळ सुमारे १४,६०० चौरस किलोमीटर आहे आणि त्याला कुंपण नाही. ईशान्येकडच्या बाजूस बुलावायो ते व्हिक्टोरिया फॉल्स ही रेल्वेची ओळ बऱ्याच अंतरापर्यंत उद्यानाची हद्द ठरवते. रुळांच्या पलीकडे ग्वाई भागातील खासगी आणि पुनर्वसनात वाटप झालेल्या जमिनी, वनखात्याची जंगले आणि सामुदायिक जमिनी लागतात. उद्यानात शिकार पूर्ण बंद असली तरी पलीकडे ती परवान्याने आणि कोट्याने, म्हणजे वर्षाला किती जनावरे मारता येतील या ठरलेल्या संख्येने, चालते. सिंहाला रूळ म्हणजे काहीच नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वन्यजीव संशोधन गटाने १९९९ पासून येथे सिंहांना कॉलर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा, लावून अभ्यास चालवला आहे. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांतील निष्कर्षानुसार खुणा केलेल्या प्रौढ नरांपैकी ७२ टक्के नर उद्यानाबाहेरील शिकारीत मारले गेले होते. एक नर गेला की रिकाम्या झालेल्या प्रदेशात पुढचा नर सरकतो आणि तोही हद्दीवर येऊन मारला जातो, असे ते चक्र होते. या निष्कर्षांनंतर त्या प्रांतात २००५ ते २००८ या काळात सिंहाची शिकार थांबवली गेली आणि पुन्हा सुरू करताना कोटा बराच कमी केला गेला. पुढे वयाचा निकषही आला: सहा वर्षांच्या आतला नर मारू नये, मारल्यास पुढच्या वर्षीच्या कोट्यावर परिणाम होतो.

या निकषावर पाहिले तर सेसिलच्या शिकारीत दोष काढता येत नाही, हे नमूद केले पाहिजे. १३ वर्षांचा सिंह वन्य अवस्थेत म्हातारा समजला जातो. त्याच्या गळ्यात संशोधकांची जीपीएस कॉलर होती आणि कॉलर असलेला सिंह मारणे त्या वेळी त्या कारणाने गुन्हा ठरत नव्हते. कॉलरवाले जनावर टाळावे हा शिष्टाचार मात्र सर्वांना माहीत होता. शिकार रात्री झाली असल्याने कॉलर दिसली नाही, असे मार्गदर्शकाचे म्हणणे होते. हे म्हणणे खरे मानले तरी त्यातून पुढचा प्रश्न उरतो: जेथे कॉलर दिसत नाही तेथे वय आणि ओळख कशाच्या आधारे ठरवली? पाहुण्याला ‘बाण सोडा’ म्हणण्याआधी मार्गदर्शकाची खात्री व्हायला हवी आणि अंधारात ती खात्री फार तर आयाळीच्या आकारापुरती होते.

घटनेचा क्रम असा सांगितला जातो. हद्दीजवळच्या त्या जमिनीवर मृत हत्तीचे मांस आमिष म्हणून ठेवले होते. रात्री लपणातून पाहुण्याने धनुष्याने बाण मारला. सिंह जखमी होऊन निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी शोधून मारण्यात आला. हा मधला काळ ४० तासांचा होता असे पहिल्या बातम्यांत आले. पाहुण्याने ते नाकारले आणि संशोधकांनी कॉलरच्या नोंदींवरून लावलेला अंदाजही त्याहून बराच कमी, साधारण दहा ते बारा तासांचा होता. दहा तास हाही जखमी जनावरासाठी लहान काळ नव्हे. रात्री दाट झाडीत जखमी सिंहाच्या मागे न जाता उजाडेपर्यंत थांबावे, हे मात्र कोणताही परीक्षक मान्य करेल. धनुष्याच्या शिकारीत ही शक्यता सुरुवातीपासून गृहीत धरावी लागते, कारण बाणाने जनावर पडते ते रक्तस्रावाने, आणि नेम इंचभर चुकला तर तो वेळ मिनिटांऐवजी तासांत मोजावा लागतो. मागे मोठ्या बोअरची रायफल घेऊन उभ्या असलेल्या मार्गदर्शकाने तत्काळ गोळी घातली तर पाहुण्याची धनुष्याची शिकार म्हणून ती नोंदली जात नाही. ५० हजार डॉलरच्या आसपास रक्कम भरून आलेल्या पाहुण्यासमोर हा निर्णय घ्यायचा असतो. उमेदवारीच्या काळात हे दडपण कोणी शिकवत नाही. ते छावणीतल्या रात्रीच्या जेवणात, पाहुण्याशी बोलताना हळूहळू कळते.

सिंह मेल्यावर कॉलर दिसली. येथे मार्गदर्शकाने जे केले ते माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महागडे कृत्य होते. त्याने स्वतःच वृत्तपत्राला दिलेल्या माहितीनुसार कॉलर पाहून तो हादरला आणि ती काढून झाडावर ठेवून दिली. संशोधकांना किंवा उद्यानाच्या अधिकाऱ्यांना तेव्हाच कॉलर दिली असती आणि घडलेले सांगितले असते, तर शिकार कायदेशीर होती हा त्याचा दावा कितीतरी वेगळ्या कानांनी ऐकला गेला असता. कॉलरचे संदेश आधी विचित्र वागू लागले आणि मग थांबले, त्यावरून चौकशीला सुरुवात झाली. जुलैच्या अखेरीस पाहुण्याचे नाव बाहेर आले तेव्हा लपवाछपवी झाल्याचे चित्र लोकांच्या मनात पक्के बसले होते.

आता कागदांकडे येऊ. झिंबाब्वेत शिकार कायदेशीर ठरण्यासाठी अनेक गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: मार्गदर्शकाचा परवाना, शिकार चालवणाऱ्या कंपनीची नोंदणी, जमीनधारकाची संमती, त्या विशिष्ट जमिनीला त्या वर्षी त्या जातीचा मिळालेला कोटा आणि पाहुण्याच्या नावाने केलेली शिकारीची नोंद. यातील कोटा जमिनीला चिकटलेला असतो. शेजारच्या जमिनीवर सिंहाचा कोटा शिल्लक आहे म्हणून या जमिनीवर सिंह मारता येत नाही. तरीही कोटा एका जागेचा आणि जनावर दुसऱ्या जागेचे, अशी अदलाबदल या धंद्यात घडते, आणि झिंबाब्वेतील जाणकार तिला या व्यवसायाची सर्वांत जुनी खोड मानतात. उद्यान प्राधिकरण आणि सफारी चालकांची संघटना यांनी संयुक्त निवेदन काढून सांगितले की मार्गदर्शकाकडे आणि जमीनमालकाकडे हा सिंह मारण्याचे समर्थन करणारा परवाना किंवा कोटा नव्हता. व्यावसायिक शिकारी व मार्गदर्शकांच्या संघटनेने त्याचे सदस्यत्व निलंबित केले.

मग ऑक्टोबरमध्ये कथेला वळण मिळाले. ज्या पर्यावरणमंत्र्यांनी जुलैअखेर दंतवैद्याला झिंबाब्वेच्या स्वाधीन करण्याची मागणी केली होती, त्यांनीच त्याची कागदपत्रे व्यवस्थित असल्याने त्याच्यावर खटला चालणार नाही असे जाहीर केले. पाहुण्याचे कागद बरोबर होते आणि मार्गदर्शकाचे चूक होते, हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडतो. या पेशातल्या माणसाला पडू नये. परदेशातून आलेल्या पाहुण्याने आपल्या नावाचा परवाना पाहावा, एवढीच त्याच्याकडून व्यवहारात अपेक्षा असते. जमीन कोणाची, कोटा कोठला, हद्द कोठे संपते हे सांगण्यासाठीच तर त्याने मार्गदर्शकाला पैसे दिलेले असतात. म्हणून मार्गदर्शकावर ठेवलेल्या आरोपाचे शब्दही लक्षात घेण्यासारखे आहेत: बेकायदेशीर शिकार रोखण्यात अपयश. त्याने मारले असे कोणी म्हटले नव्हते. त्याने थांबवले नाही, हा आरोप होता.

२९ जुलै २०१५ रोजी तो ह्वांगेच्या न्यायालयात हजर झाला आणि १,००० डॉलरच्या जामिनावर सुटला. नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलावायोच्या उच्च न्यायालयाने त्याच्यावरील आरोप रद्द केले. ज्या स्वरूपात ते मांडले होते त्यातून गुन्हा सिद्ध होत नाही, असे न्यायालयाचे मत असल्याचे त्याच्या वकिलाने सांगितले. म्हणजे सेसिलची शिकार बेकायदेशीर होती की नव्हती याचा पुराव्यांनिशी निवाडा कोणत्याही न्यायालयात झालाच नाही. कायद्याच्या दृष्टीने मार्गदर्शक मोकळा झाला. व्यवसायाच्या दृष्टीने तो त्याच्याआधीच संपल्यात जमा होता, कारण या धंद्यात पाहुणे मिळतात ते नावावर आणि ते नाव सोळा महिने जगभरच्या मथळ्यांत आरोपी म्हणून छापले गेले होते.

प्रकरणाचे पडसाद त्या एका माणसापुरते राहिले नाहीत. १ ऑगस्ट २०१५ रोजी झिंबाब्वेने ह्वांगेभोवतीच्या भागात सिंह, बिबट्या आणि हत्ती यांची शिकार, तसेच धनुष्याची शिकार स्थगित केली. ती बंदी दहाएक दिवसांतच बरीचशी उठली, तरी ऐन हंगामात छावण्या मांडून बसलेल्यांना तिचा फटका बसला. डेल्टा, अमेरिकन आणि युनायटेड या विमान कंपन्यांनी सिंह, हत्ती यांसारख्या मोठ्या जनावरांची कातडी, मस्तके आणि इतर अवशेष वाहून नेणे बंद केले. फ्रान्सने सिंहाच्या अवशेषांची आयात त्याच वर्षी थांबवली. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने सिंहाला आपल्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आणले. पश्चिम व मध्य आफ्रिकेतले आणि गीरमधले सिंह एका, अधिक कडक गटात, तर पूर्व व दक्षिण आफ्रिकेतले दुसऱ्या गटात. दुसऱ्या गटातल्या सिंहाचे अवशेषही अमेरिकी शिकाऱ्याला घरी न्यायचे तर स्वतंत्र परवाना लागू लागला. अमेरिकी पाहुणा हाच या धंद्याचा मुख्य आधार असल्याने, त्या वर्षी उमेदवारी करणाऱ्या तरुणांसाठी बाजारच आकसला. ज्यांचा सेसिलशी काडीमात्र संबंध नव्हता त्यांचीही कामे गेली, कारण त्यांच्या मालकांना पुढच्या हंगामाची नोंदणी मिळत नव्हती.

दोन वर्षांनी त्याच भागात घडलेली दुसरी शिकार शेजारी ठेवल्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही. जुलै २०१७ मध्ये सेसिलचा मुलगा झांडा, वय सहा वर्षे, उद्यानाच्या हद्दीबाहेर कोणा दुसऱ्या पाहुण्याकडून मारला गेला. त्याच्याही गळ्यात कॉलर होती. या वेळी मार्गदर्शकाने कॉलर संशोधकांना परत दिली आणि काय घडले ते स्वतः कळवले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी शिकार कायदेशीर होती हे उघडपणे सांगितले आणि तो मार्गदर्शक नीतीने वागणारा आहे अशी साक्षही दिली. संताप तेव्हाही झाला, आणि हद्दीलगत पाच किलोमीटरचा शिकारमुक्त पट्टा असावा ही मागणी संशोधकांनी तेव्हा जोराने मांडली. पण त्या मार्गदर्शकाला न्यायालयात जावे लागले नाही. दोन्ही माणसे तीच परीक्षा देऊन आलेली होती, रायफलींत फारसा फरक नसणार, भूभाग तर एकच. फरक कोट्याच्या जागेत आणि शिकारीनंतरच्या पहिल्या काही तासांत होता.

शिकाऊ उमेदवाराची अडचण येथून सुरू होते. तो ज्याच्या हाताखाली काम करतो त्याच्याच सहीने त्याच्या अनुभवाची नोंद पूर्ण होते, आणि प्रावीण्य परीक्षेला जाताना त्याच माणसाचा शब्द कामी येतो. उमेदवारीच्या काळात पगार तुटपुंजा असतो किंवा नसतोच. राहणे, जेवण आणि काडतुसे मिळाली तरी पुष्कळ समजले जाते. अशा स्थितीत गाडी कोणत्या बाजूने कोणत्या जमिनीत शिरली, हे पाहून ‘या जमिनीला सिंहाचा कोटा आहे का?’ असे विचारणे म्हणजे आपल्या परवान्याची चावी ज्याच्या हातात आहे त्याच्यावर संशय घेणे होय. परीक्षेत कायद्याचा पेपर असतो, त्यात कोट्याचे प्रश्नही असतात. पण हा प्रश्न कसा आणि कोणाला विचारायचा हे पेपरात नसते. व्यवस्थेची ही उणीव मला खरी वाटते, आणि झिंबाब्वेची परीक्षा जगात सर्वांत कठीण आहे असे सांगणारे तिच्याबद्दल क्वचितच बोलतात.

म्हणून ज्याला हा पेशा करायचा आहे त्याने उमेदवारीसाठी मालक निवडतानाच चौकशी करावी, आत शिरल्यावर नव्हे. कंपनी ज्या जमिनींवर शिकार करते त्या कोणाच्या आहेत, भाडेकरार किती वर्षांचा आहे, प्रत्येक जमिनीचा चालू वर्षाचा कोटा लेखी दाखवला जातो का, मागच्या हंगामात कॉलर असलेले जनावर मारले गेले असेल तर ते कोणाला कळवले, हे प्रश्न नोकरीच्या पहिल्या बोलण्यात विचारता येतात आणि प्रामाणिक चालकाला त्यांचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे उमेदवारी करू नये, मग त्याच्याकडे हत्तीचा कोटा कितीही मोठा असो. नोंदवहीत फक्त जनावर, तारीख आणि गोळीचे अंतर न लिहिता जमिनीचे नाव आणि कोट्याचा संदर्भही लिहिण्याची सवय पहिल्या हंगामापासून लावावी. ही नोंद परीक्षक मागोत वा न मागोत. सहा-सात वर्षांनी कोणी ती मागितलीच, तर तोपर्यंत मालक बदललेला असतो, पाहुणा आपल्या देशात असतो आणि उत्तर द्यायला मार्गदर्शक एकटाच उरलेला असतो.